गट नंबर तोच, नाव दुसरं

मागच्या उन्हाळ्यात कारंज्याजवळच्या एका गावात जमिनीची मोजणी चालू होती. मी सौर प्रकल्पांचे लेआउट करते. पॅनलच्या रांगा कुठून कुठे जातील, ट्रान्सफॉर्मर कुठे बसेल, ३३ केव्हीची लाइन उपकेंद्रापर्यंत कशी न्यायची, हे माझं काम. जमीन देणारे आजोबा बांधावर उभे होते. त्यांनी मला एकच गोष्ट तीनदा विचारली, "मॅडम, सातबारा आमच्याच नावावर राहील ना?" मी म्हटलं, राहील. करार भाडेपट्ट्याचा आहे, जमीन तुमचीच. त्यांनी मान हलवली आणि थोड्या वेळाने परत तेच विचारलं.

मला त्यांचा कंटाळा आला नाही, कारण आमच्या घरात हा प्रश्न विचारायचा राहून गेला होता.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा तालुक्यातली. १९९४ साली आमची सहा एकर जमीन खुल्या कोळसा खाणीत गेली. पऱ्हाटी आणि तूर व्हायची तिथे, विहिरीजवळच्या तुकड्यात थोडी मिरची. आजोबांच्या नावावरची जमीन, दोन भाऊ, आणि जमिनीच्या बदल्यात खाणीत नोकरी एकच. बाबा दहावी पास म्हणून नोकरी बाबांना, पैसे काकांना, असं आजोबांनी ठरवलं. बाबा खाणीत लागले. माझं शाळा-कॉलेज, नागपूरचं हॉस्टेल, ताईचं लग्न, सगळं त्या नोकरीवर झालं. काकांना मिळालेले पैसे सहा-सात वर्षांत संपले. त्यांचा मुलगा आज त्याच खाणीत ठेकेदाराचा टिप्पर चालवतो. कोळशावरची माती उचलून ढिगाऱ्यावर टाकायची, बारा तासांची पाळी. त्याच्या हातात पगाराची साधी स्लिपही येत नाही. मी सणाला गावी जाते तेव्हा त्याच्याशी बोलताना माझी नजर खाली जाते.

आमच्याकडे लोक अजून "सेक्शन चार लागला", "सेक्शन सात लागला" अशा भाषेत बोलतात. कोळसा असलेल्या जमिनीसाठी १९५७ चा वेगळा कायदा आहे, ही त्याची कलमं. चार म्हणजे पाहणी, सात म्हणजे घेण्याचा इरादा, मग हरकतीला तीस दिवस, आणि नऊ लागला की जमीन गेली. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आला, पण कोळशाचा हा कायदा त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत टाकून बाजूला ठेवला. मोबदल्याचे नवे नियम २०१५ पासून लागू झाले. अभ्यास मात्र आमच्या वाट्याला आलाच नाही.

पुण्या-मुंबईतले माझ्या क्षेत्रातले लोक म्हणतात, सौर आणि पवन ऊर्जा आली की कोळशाच्या जिल्ह्यांतला रोजगार जाईल, त्याची तयारी करायला हवी. तयारी हवीच. पण रोजगार सूर्यामुळे जाणार आहे, हे मला मान्य नाही, कारण तो आधीच गेला. कोल इंडिया ही सरकारी कोळसा कंपनी १९७५ मध्ये स्थापन झाली तेव्हा कामगार साडेसहा लाखांवर होते आणि उत्पादन वर्षाला ८ कोटी टनांच्या आत. २०२३-२४ मध्ये उत्पादन ७७ कोटी टनांवर गेलं आणि कामगार उरले सव्वादोन लाखांच्या आसपास. कोळसा नऊ-दहा पट झाला, कायम माणसं तिसरा हिस्सा झाली. भूमिगत खाणींच्या जागी खुल्या खाणी आल्या, मोठाली यंत्रं आली, ठेकेदार आले. बाबा लागले तेव्हा त्यांच्या पाळीत सगळे कायम होते. ते निवृत्त झाले त्या वर्षी ती जागा भरलीच नाही.

कोळसा लगेच थांबणारही नाही. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० चं लक्ष्य जाहीर केलं आणि कोळसा बंद करण्याऐवजी टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा शब्द ठरावात आला. २०२४-२५ मध्ये देशाने शंभर कोटी टनांहून जास्त कोळसा काढला. चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र चालू आहे. त्यामुळे माझ्या गावाला दोन्ही एकदम सोसायचं आहे: शेजारच्या शिवारात नवी खाण आणि आपल्या शिवारात संपलेली खाण.

मला सर्वात जास्त दुखतं ते उपकराचं. २०१० मध्ये कोळशाच्या दर टनावर ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला. २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. आमच्या वावराखालून निघालेल्या टनांवरही तो घेतला गेला. २०१८ पर्यंत सुमारे ८६ हजार कोटी जमले. त्यासाठी केलेल्या निधीत ३० हजार कोटींच्या आत पोचले आणि प्रकल्पांवर गेले साधारण १६ हजार कोटी. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा उपकराचं नाव बदललं आणि पैसा राज्यांची जीएसटीची तूट भरायला वळला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकर रद्द करून कोळशावरचा जीएसटीच ५ वरून १८ टक्के केला. ज्यांच्या जमिनीतून तो कोळसा निघाला, त्यांचा हिस्सा या सगळ्या वर्षांत एकाही नियमात लिहिला गेला नाही. जिल्हा खनिज प्रतिष्ठान खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर आलं, रॉयल्टीच्या प्रमाणात त्यात पैसा येतो आणि तो खाणबाधित भागावर खर्च व्हायचा असतो. त्यातून रस्ते, पाणी, शाळेची खोली होते. पण ते पूर्ण भागाचं. ज्याची जमीन गेली त्याला त्यातून भाडं मिळत नाही.

भाड्याचं म्हणते, कारण माझ्या कामात मी रोज भाडं बघते. शेतीला दिवसा वीज देण्यासाठीच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खाजगी जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये, वर तीन टक्के वार्षिक वाढ. म्हणजे एकरी पन्नास हजार. दिवाळीत काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे सहा एकराचे तीन लाख. दरवर्षी. आन् जमीन त्याइच्याच नावावर?" मी हो म्हटलं. "मंग आमची काहून नाही राह्यली वं माय?"

आमची खाण संपत आली आहे. एका बाजूला पाण्याने भरलेला खड्डा, दुसऱ्या बाजूला मातीचा डोंगर, त्यावर लावलेली झाडं. २०२२ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने अशा जमिनींचं धोरण मंजूर केलं. कोळसा काढून झालेल्या किंवा कोळशासाठी उपयोगाच्या न राहिलेल्या जमिनीवर सौर प्रकल्पही उभारता येतील, जमीन त्यासाठी भाडेपट्ट्याने देता येईल, मालकी मात्र सरकारी कंपनीकडेच राहील. इंजिनिअर म्हणून मला हे धोरण आवडलं. जमीन पडीक, वीजवाहिन्या जवळ, नवं शेत घ्यायला नको. उद्या त्या डोंगरावरच्या पॅनलचा लेआउट माझ्याच टेबलावर येईल, आणि तो मी मन लावून करीन. पण भाडं जाईल दुसऱ्याला. कारंज्याच्या आजोबांना ऊन विकता येतं. माझ्या काकांच्या डोक्यावरही तेच ऊन आहे.

सातबारा असला की सगळं ठीक, असंही नाही. आमच्या योजनेतली बरीच जमीन गायरानाची असते. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, तीन वर्षं मिळतात. पण गायरानात शेळ्या चारणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. मराठवाड्यात दलित कुटुंबं पिढ्यांपासून गायरान कसत आहेत. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याच हक्कासाठी. कुंपणाची जाळी मारताना मी अशा माणसांचं 'अतिक्रमण' म्हणून लिहिलेलं रकान्यातलं नाव पाहिलं आहे. लेआउटमध्ये पश्चिमेकडून शेळ्यांसाठी बारा फुटांची वाट सोडायला मी एकदा भांडले. ती सोडली गेली. माझ्या हातात तेवढंच होतं.

काकांनी त्या दिवशी पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीतला जुना सातबारा काढला. आजोबांचं नाव, विहिरीची नोंद, पीकपाण्यात कापूस आणि तूर. म्हणाले, मोबाइलवर दिसते का बघ. गट नंबर टाकला. नंबर तोच निघाला, नाव कंपनीचं.

पुढच्या ग्रामसभेसाठी आम्ही दोघांनी मिळून अर्ज लिहिला आहे. खाणीच्या जमिनीवर वीज तयार होणार असेल, तर योजनेतल्या शेतकऱ्याला मिळतो त्याच दराने मूळ खातेदारांना वर्षाचं भाडं द्यावं, आणि प्रकल्पातल्या नोकऱ्यांत टिप्परवर काम करणाऱ्या पोरांचं नाव आधी घ्यावं. चुलतभाऊ आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, त्याचं प्रमाणपत्र जोडलं आहे. सोबत जुन्या सातबाऱ्याची झेरॉक्सही. आतापर्यंत अठरा घरांनी सह्या केल्या आहेत.