कंट्रोलच्या प्लेटवर ३१ कॉलन्या

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी लॅबमध्ये आल्याआल्या इन्क्युबेटर उघडला आणि पहिली प्लेट (जीवाणू वाढवायची बशी) हातात आली ती नेमकी कंट्रोलची, म्हणजे ज्या सोयाबीनच्या बियांना आम्ही काहीच लावलं नव्हतं त्या रोपांची, आणि तिच्यावर ३१ कॉलन्या, म्हणजे जीवाणूंचे ठिपके. तिथे काहीच यायला नको होतं. पोटात गोळाच आला.

आमच्या इंदोरच्या बाहेर जुलैत कुठल्याही रस्त्याने निघा, दोन्हीकडे सोयाबीनच. आम्ही बियांना स्यूडोमोनास नावाचा बॅक्टेरिया लावून कुंड्यांत पेरलं होतं आणि चौदाव्या दिवशी तो मुळांवर किती टिकलाय ते मोजत होतो. रोप उपटायचं, मूळ झटकायचं, १ ग्रॅम मूळ ९ मिली सलाइनमध्ये काचेचे मणी घालून व्होर्टेक्सवर हलवायचं, मग दहा-दहा पट पातळ करत जायचं आणि त्यातलं ०.१ मिली प्लेटवर पसरायचं. इथली काळी माती ओली असली की झटकून जात नाही हो, चिकटूनच बसते, त्यामुळे मुळावरचे किती आणि मातीतले किती यावर आमचा रोज वाद.

बॅक्टेरिया लावलेल्या रोपाच्या चौथ्या डायल्यूशनला ८४ कॉलन्या होत्या, म्हणजे ग्रॅमभर मुळावर ८४ लाख. आदल्या संध्याकाळीच वरवर मोजून घरी सांगितलं तर आजी म्हणाली, "अगं, चौऱ्यांशी लक्ष योनी एवढ्याशा मुळावर?" मी इतकी खूश होते!

पण ते ८४ लाख कोणाचे? मातीत मुळातच ढीगभर स्यूडोमोनास असतात. म्हणून तर आमचा स्ट्रेन, म्हणजे आमचा वाण, रिफॅम्पिसिन या बॅक्टेरिया मारणाऱ्या औषधाला दाद न देणारा घेतला होता. कोट्यवधी पेशी रिफॅम्पिसिनवर पसरल्या की आपोआप बदललेली एखादीच जगते, ती उचलायची आणि तिची वाढ मूळ स्ट्रेनइतकीच आहे ना ते तपासायचं, यात आमचा महिना गेला होता. रिफॅम्पिसिनच्या प्लेटवर जे उगवेल ते आपलं, सगळी भिस्त यावर.

मॅडम म्हणाल्या, "पाणी घालताना शेजारच्या कुंडीतलं उडालं असेल, ट्रे एकच आहे ना?" मलाही तेच वाटलं. तरी म्हटलं यूव्हीखाली बघू, मीडियम (प्लेटमधलं बॅक्टेरियांचं खाद्य) किंग्ज बी नावाचं होतं, त्याच्यावर आमचा स्ट्रेन हिरवट-पिवळा चमकतो. अंधार केला. कंट्रोलच्या ३१ पैकी एकही चमकली नाही. आणि ८४ वाल्या प्लेटवर ५५ चमकल्या, २९ तशाच मंद. म्हणजे पाणी उडालं नव्हतं, हे दुसरेच कोणीतरी होते. नुसत्या चमकेवरही भागत नाही बरं का, मातीतले काहीजण तेही करतात.

मग हे रिफॅम्पिसिनवर जगले कसे? आमचे काका, जे मीडियम ओततात, ते दारातूनच म्हणाले, "ताई, त्या केशरी प्लेट्स आठवडाभर खिडकीतच होत्या की." मी हातातलं सगळं खाली ठेवलं. त्या मीच ठेवल्या होत्या, फ्रिजमध्ये जागा नव्हती म्हणून. रिफॅम्पिसिन उजेडात खराब होतं, हे मला पाठ होतं.

खात्री करायला नुसत्या मातीचं पाणी जुन्या प्लेटवर आणि ताज्या प्लेटवर पसरलं. दोन दिवसांनी जुनीवर गर्दी, ताजी कोरी. नशीब, प्रत्येक गटाच्या ३ कुंड्या राखून ठेवल्या होत्या, पुन्हा उपटलं, पुन्हा धुतलं. कंट्रोल कोरं, आमचे ५२ लाख. या वेळी एका रोपाचं मूळ २-२ सेंटीमीटरचे तुकडे करून वेगवेगळं मोजलं, तर बीजाजवळच्या तुकड्यावर नुसती गर्दी आणि टोकाकडे जाता जाता जेमतेम काहीशे. मूळ पुढे पळतं आणि हे मागे राहतात, मला त्या आकड्यांपेक्षा हेच जास्त महत्त्वाचं वाटलं, मॅडमना बसून दाखवलं.

वहीत ८४ लाखांवर आडवी रेघ मारली, शेजारी कारण आणि तारीख लिहिली. दुपारी बघते तर काकांनी नव्या प्लेट्सची अख्खी चळत काळ्या कागदात गुंडाळून फ्रिजच्या वरच्या खणात ठेवली होती, त्यांचा डबा बाहेर काढून.