बेस गिटारचं बॅकअप निवडताना

ऑर्केस्ट्रात बेस वाजवणाऱ्याने बॅकअपसाठी आधी काय घ्यावं? कुणी सांगितलं दुसरा ॲम्प, कुणी दुसरी गिटार. मी शोला लोकलने जातो. संध्याकाळी विरार लोकलच्या लगेज डब्यात गिगबॅग आणि एक सॅक घेऊन शिरता आलं तरी पुष्कळ, त्यामुळे ॲम्प तिथेच बाद झाला.

शिवाय शिवाजी मंदिर असो की नवरात्रीचं मैदान, लोकांना ऐकू जातो तो मिक्सरमधून गेलेला बेस. स्टेजवरचा ॲम्प बसला तर मॉनिटर स्पीकरवर निभावतं, पण मिक्सरची लाइन गेली की बेसच गेला. म्हणून पहिले पैसे डीआय बॉक्सवर घातले, म्हणजे गिटार आणि मिक्सरच्या मध्ये लावायच्या छोट्या डबीवर. पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरी नसलेली, गिटार थेट मिक्सरच्या लाइनमध्ये खुपसली की आवाज बोदा येतो, डीआयमुळे तो नीट पोचतो. घेताना दोन गोष्टींवर मी अडून बसलो. मिक्सरकडून केबलमधूनच येणारा ४८ व्होल्टचा करंट, म्हणजे फँटम, मिळाला नाही तर तो ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालला पाहिजे, आणि ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे मिक्सरकडच्या ग्राउंडची जोडणी तोडणारं, बटण हवं. मंडपात लाइटवाले आणि साउंडवाले वेगवेगळीकडून करंट घेतात, मग ५० हर्ट्झची घरघर सुरू होते. बटण दाबलं की बहुतेक वेळा ती थांबते.

केबल लॅमिंग्टन रोडवरून मीटरवर घेतली आणि जॅक स्वतः सोल्डर केले. जॅकचं टोपण उघडून बघाच: आतल्या पट्टीने केबलचं बाहेरचं रबर घट्ट पकडलेलं असावं. ते सुटलं की सगळा ताण सोल्डरवर येतो आणि केबल ऐन गाण्यात खरखरते.

दुसरी गिटार सगळ्यात शेवटी घेतली. बेसच्या तारा सहसा तुटत नाहीत, दगा देतं ते इलेक्ट्रॉनिक्स. माझी नेहमीची ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेली आहे, म्हणून ही मुद्दाम पॅसिव्ह, बॅटरीची भानगडच नको. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, तीच ३४ इंची, तारांची जाडी तीच, इंचाचे ४५ ते १०५ हजारांश, म्हणजे अंधारातही हात चुकत नाही. टेम्पो असेल तेव्हाच ती सोबत येते, एरवी डीआय, केबल आणि नवी बॅटरी सॅकमध्ये असतात.

पावसाळ्यात मात्र दुसरी गिटार बॅगेत कोंडून ठेवू नका. दमट हवेने नेक, म्हणजे गिटारची मान, वाकते, जॅकवर गंज धरतो. गणपतीच्या आधीची एक रिहर्सल मी पूर्ण तिच्यावरच वाजवतो.