गाडी थांबत नाही, पीठ थांबतं

शनिवारी घरचा लादी पाव, रविवारी पहाटेच्या लोकलने लोणावळा आणि तिथून सायकलवर पुण्याला परत. आठवडाभर स्क्रीनसमोर बसणाऱ्यासाठी यापेक्षा चांगला बेत मला माहीत नाही. तो फसतो तो बहुतेक वेळा वेळापत्रकात. ऑफिसात शुक्रवारचं सॉफ्टवेअर रिलीज रात्री साडेनऊपर्यंत लांबतं, ओट्यावरचं पीठ भांड्याबाहेर येतं, पाव आंबूस होतो, आणि रविवारी झोप न झाल्यामुळे गाडी चुकते.

लोकल ठरलेल्या मिनिटाला सुटते. सायकलचा वेळ वाऱ्यावर आणि पंक्चरवर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. रिलीज कधी संपेल याची खात्री कुणीच देत नाही. या सगळ्यात आपल्या हातात असलेली एकच गोष्ट म्हणजे पीठ, कारण तापमान बदललं की तेच पीठ दोन तासांत तयार होतं किंवा दीड दिवस थांबतं. म्हणून बेत उलटा आखायचा. रविवारची गाडी पक्की धरायची, पाव आदल्या दिवशी सकाळी भाजायचा, आणि शुक्रवारी रात्री जमेल तेव्हा मळून फ्रिजमध्ये टाकायचं. कामाच्या भाषेत सांगायचं तर फ्रिज हा क्यू आहे, म्हणजे पुढचं काम थांबून राहतं ती रांग.

२३ सेंटिमीटरच्या चौकोनी टिनमध्ये चार बाय चार, म्हणजे १६ पावांच्या लादीचं माप असं: मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३०० ग्रॅम, साखर २५, दूध पावडर २०, लोणी ३०, मीठ ९ आणि इन्स्टंट यीस्ट अडीच ग्रॅम. पाणीसुद्धा वजनानेच घ्यायचं. कृती टक्केवारीत लिहून ठेवली (मैदा १००, पाणी ६०, मीठ १.८, यीस्ट ०.५) की टिन बदलला तरी गणित बदलत नाही. आपल्याकडच्या मैद्यात प्रथिनं साधारण दहा-अकरा टक्के असतात. परदेशी कृतींमधलं ब्रेडचं पीठ त्याहून ताकदीचं असतं, त्यामुळे तिथलं ७० टक्के पाणी इथे घातलं की पीठ हाताला चिकटत राहतं आणि पाव आडवा पसरतो. ६० पासून सुरुवात करा, मग एका वेळी एकच टक्का वाढवा. आणि एका खेपेला एकच गोष्ट बदला. पाणी, यीस्ट आणि भाजायची वेळ तिन्ही एकदम बदलली तर बिघाड कुठे आहे ते कधीच कळणार नाही. हे प्रोग्रामरला वेगळं सांगायला नको, पण स्वयंपाकघरात शिरलं की आपण ते विसरतो.

लोणी सुरुवातीला घालू नका. आधी बाकीचं दहा मिनिटं मळा, मग मऊ लोणी थोडं थोडं जिरवा. लोणी आधी गेलं तर मैद्याच्या कणांवर चरबीचा थर बसतो आणि पिठाला ताण यायला जास्त वेळ लागतो. लिंबाएवढा गोळा दोन्ही हातांनी हळूहळू ताणला आणि पलीकडचा दिवा दिसेल इतका पातळ पडदा न फाटता तयार झाला, की मळणं पुरे.

आता तापमान. बहुतेक लोक इथेच चुकतात. मळून झालेलं पीठ २६ अंशांच्या आसपास हवं. हिशोब सोपा आहे: २६ ला ३ ने गुणा, म्हणजे ७८. त्यातून खोलीचं तापमान, मैद्याचं तापमान आणि मळण्याच्या घर्षणाची वाढ वजा करा. हाताने मळताना घर्षणाचे २ अंश धरले तरी चालतात. उरतं ते पाण्याचं तापमान. जानेवारीत खोली २० आणि मैदा २० असेल तर पाणी ३६ अंश, म्हणजे कोमट. मे महिन्यात खोली ३४ आणि मैदा ३३ असेल तर पाणी ९ अंश. एकाच घरात, एकाच कृतीत पाण्यात २७ अंशांचा फरक! ‘कोमट पाणी घ्या’ ही ओळ वर्षभर पाळली तर उन्हाळ्यात पाव का बिघडतो, त्याचं उत्तर हेच आहे.

नळाचं पाणी ३० अंश असेल तर ९ अंशांसाठी बर्फ किती? एकूण पाणी गुणिले (नळाचं तापमान वजा हवं असलेलं तापमान), भागिले (नळाचं तापमान अधिक ८०). ते ८० म्हणजे एक ग्रॅम बर्फ वितळायला लागणाऱ्या कॅलरी. ३०० गुणिले २१ भागिले ११०, म्हणजे ५७ ग्रॅम बर्फ आणि २४३ ग्रॅम पाणी. दहा ओळींचा पायथन प्रोग्राम फोनवर ठेवला की तीन आकडे टाकायचे आणि दोन वाचायचे. यंत्राने मळत असाल तर घर्षण दहा-बारा अंशांवर जातं आणि मे महिन्यात उत्तर शून्याजवळ येतं. अशा वेळी आदल्या रात्री मैदाच फ्रिजमध्ये ठेवायचा.

एवढी काटेकोर मोजणी करायचं कारण फ्रिजमध्ये आहे. पावणेनऊशे ग्रॅमचा गोळा खोल भांड्यात ठेवला तर बाहेरून गार होतो, पण पोटात दोन-तीन तास गरमच राहतो. तेवढ्यात यीस्ट बरंच काम उरकतं. ३२ अंशांचं पीठ असं ठेवलं तर सकाळी झाकण उचललेलं दिसतं आणि आंबूस वास येतो. म्हणून पीठ पसरट डब्यात, दोन-तीन बोटं उंचीचा थर करून, तेलाचा हात लावून ठेवा. दार वारंवार उघडलं जातं, म्हणून जागा खालच्या कप्प्यात मागे. फ्रिजच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका. पेलाभर पाणी रात्रभर आत ठेवून सकाळी थर्मामीटर बुडवा. ४-५ अंश आले तर हे पीठ १० ते ३६ तास आरामात थांबतं. ८ अंश आले तर यीस्ट अडीचवरून दीड ग्रॅमवर आणा.

शनिवारी सकाळी थंड पिठाचेच ५५-५५ ग्रॅमचे गोळे करा, थंड असताना ते हाताला कमी चिकटतात. गोळे गुळगुळीत वळा, टिनला तूप लावून थोडं अंतर ठेवून मांडा, वर ओलं फडकं. थंडीत दोन तास, उन्हाळ्यात तासाभरात गोळे फुगून एकमेकांना टेकतात. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा हळूहळू, अर्धवट भरून आला पाहिजे. लगेच भरला तर थांबा. अजिबात भरला नाही तर उशीर झालाय, लगेच आत टाका.

ओटीजी (घरगुती विजेचा छोटा ओव्हन) २०० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं आधी तापवा. आत एक साधा थर्मामीटर टांगलेला असावा, कारण बटणावरच्या २०० चे आत १८० किंवा २२० असणं नवलाचं नाही. टिन खालच्या बाजूच्या कप्प्यात, १८ ते २० मिनिटं. छोट्या ओटीजीत वरचा रॉड पावाच्या फार जवळ असतो, त्यामुळे पोट कच्चं असतानाच रंग येतो. रंग बाराव्या मिनिटाला आला तर वरून फॉइल टाका. मधल्या पावाच्या पोटात ९३ अंश आले की काढा, लोणी फिरवा आणि स्वच्छ फडक्याखाली झाका. कोंडलेल्या वाफेने वरची पापुद्री मऊ राहते आणि तोच लादी पावाचा पोत.

एका पावात साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं येतात, मध्यम केळ्यातही तेवढीच. दोन तासांपेक्षा लांब सायकल चालवताना तासाला ३० ते ६० ग्रॅम पोटात जायला हवीत. म्हणजे तासाला एक पाव आणि एक केळं. पावात शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि थोडा गूळ भरला तर मीठही मिळतं आणि खिशात सांडत नाही. लोणी-जॅम उन्हात वाहतं.

रविवारी दिशा कोणती घ्यायची हे वारा ठरवतो. पुणे स्टेशन ते लोणावळा ६४ किलोमीटर. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, लोणावळा सव्वासहाशेच्या आसपास. उंचीतला फरक नगण्य, वाऱ्यातला मोठा. हवेचा रोध सापेक्ष वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २५ ने जाताना समोरून १५ चा वारा असेल तर रोध शांत हवेच्या अडीच पट होतो. तोच वारा पाठीवर असेल तर सहाव्या हिश्श्यावर येतो. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा असतो, म्हणून पावसाळ्यात लोकलने लोणावळ्याला जायचं आणि कार्ला फाटा, कामशेत, वडगाव, तळेगाव, देहूरोड, निगडी असं जुन्या महामार्गाने वारा पाठीवर घेत उतरायचं. हिवाळ्यात पहाटे वारा पडलेला असतो, तेव्हा सायकलने जाऊन लोकलने परत या. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, नकाशाचं ॲप काहीही सुचवो. पावसाळी रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून परतणाऱ्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा गर्दीच्या हिशोबानेही जाताना गाडी आणि येताना सायकल हेच बरं.

लोकलला साधारण एक तास वीस मिनिटं लागतात. दुपारी दोन गाड्यांमध्ये मोठी पोकळी असू शकते आणि रविवारी ब्लॉकही असतो, म्हणून परतीला गाडी धरायची असेल तर आदल्या रात्री त्या दिवसाचं वेळापत्रक पाहा, पाठ असलेलं नको.

रेल्वेत प्रवाशाला ठरावीक वजनाचं सामान मोफत नेता येतं, पण सायकल त्या सवलतीत बसत नाही. ती सामान म्हणून बुक करायची असते. लोकलसाठी सगळ्यात सोपी घडीची सायकल: घडी घालून, पिशवीत भरून, सामानाच्या डब्यात. तिथे भाजीच्या पाट्या आणि कॅन चढतात-उतरतात, म्हणून डिरेलरची, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेची, बाजू भिंतीकडे करायची. लांब पल्ल्याच्या गाडीत पूर्ण सायकल पार्सल ऑफिसमधून ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या सामानाच्या डब्यात, जाते. त्यासाठी किमान तासभर आधी पोहोचा, नाव आणि उतरायचं स्टेशन लिहिलेली चिठ्ठी दोन ठिकाणी बांधा, आणि शक्यतो जिथे गाडी संपते तिथेच उतरा. दोन मिनिटांच्या थांब्यावर ब्रेकव्हॅन उघडून मागची सायकल काढायला वेळ पुरत नाही, ती पुढच्या गावी जाते.

चाकं काढून पिशवीत भरायची असेल तर आधी चेन मागच्या सगळ्यात लहान चक्रावर आणा, चाक सहज निघतं. मग ५ मिलिमीटरच्या ॲलन कीने मागचा डिरेलर हँगरवरून (तो फ्रेमला जोडणाऱ्या छोट्या पट्टीवरून) सोडवून फडक्यात गुंडाळा आणि फ्रेमच्या आत बांधा. सामानाच्या डब्यात पहिला धक्का हँगरलाच बसतो आणि तो वाकला की गिअर उड्या मारतात. जादा हँगर जवळ ठेवा, दर मॉडेलचा वेगळा असतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने सुटतं. डिस्क ब्रेक असेल तर पॅडच्या फटीत पुठ्ठा सारा. चाक नसताना चुकून ब्रेक दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात आणि लोणावळ्याच्या फलाटावर चाक बसता बसत नाही.

त्या फलाटावर दहा मिनिटं जास्त घालवावीत असं मला मनापासून वाटतं. १८५८ मध्ये पुणे ते खंडाळा गाडी सुरू झाली, तेव्हा बोरघाटातला रेल्वेमार्ग व्हायचा होता. १८६३ पर्यंत प्रवासी तो टप्पा पालखीने, घोड्यावर किंवा पायी उतरत. घाटातला सर्वांत तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के. सायकलवर हा चढ गप्पा मारत चढता येतो, पण पोलादी चाकाची पोलादी रुळावरची पकड रबर आणि डांबराच्या मानाने फार कमी असल्यामुळे गाडीला कर्जतहून मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात. मुंबईकडून येणाऱ्या गाडीच्या शेपटाकडे उभं राहिलं की ती दिसतात.

ओल्या रुळावर रबराचीही पकड जाते. फाटक ओलांडताना चाक रुळांना काटकोनात न्या आणि त्या क्षणी ब्रेक लावू नका. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांनाही हाच नियम. पावसात मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा, ट्रकच्या फवाऱ्यात सायकलस्वार दिसत नाही.

घरी पोहोचल्यावर आधी चेन, मग अंघोळ. फडक्याने कोरडी करा, दर कडीवर तेलाचा एक थेंब, दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून काढा. बाहेर राहिलेलं तेल चिखल धरतं आणि तो चिखलच चेन घासतो. महिन्यातून एकदा पोलादी पट्टीने १२ पूर्ण कड्या मोजा. नव्या चेनमध्ये त्या ३०४.८ मिलिमीटर भरतात. ११-१२ गिअरच्या चेनमध्ये ३०६.३ झाल्या, किंवा ८ ते १० गिअरच्या चेनमध्ये ३०७ झाल्या, की चेन बदला. टाळाटाळ केली तर मागची कॅसेटही (मागच्या चक्रांचा संच) बदलावी लागते आणि ती बरीच महाग पडते.

उरलेले पाव फ्रिजमध्ये ठेवू नका. पिठातला स्टार्च शून्याच्या जरा वरच्या तापमानाला सगळ्यात लवकर कडक होतो. एक-दोन दिवसांचे डब्यात बाहेर, बाकीचे शनिवारीच गार झाल्यावर घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये. सोमवारी सकाळी ऑफिसच्या स्टँडअप मीटिंगच्या आधी तवा मंद तापवायचा, गोठलेला पाव आडवा कापून लोण्यावर टाकायचा आणि वर दोन मिनिटं झाकण.