गाडी अजून घाटातच

"गेम कधी येणार?" हे आम्हाला आता घरचेसुद्धा विचारत नाहीत. बाहेरचे विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

कॉम्प्युटर गेमची कंपनी काढली 2017 मध्ये, जीएसटी लागला त्या वर्षी. ऑफिस पुण्यात, नऱ्ह्याला. तेव्हा आम्ही तिघे होतो, आज पाच जण आहोत. करायचा होता एकच गेम. आपला दहाचाकी ट्रक, गाडी-माल धरून 25 टन वजन, खंबाटकीचा बोगदा ओलांडून एस वळणावरून सुखरूप खाली आणायचा. शर्यत नाही, गोळीबार नाही, नाणी गोळा करणं नाही. गाडी मात्र खऱ्या गाडीसारखीच वागली पाहिजे. एका गुंतवणूकदाराने हे ऐकून चहा यायच्या आत मीटिंग आटोपली. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

लोकांना वाटतं, गाडीचा गेम म्हणजे इंजिन. इंजिन सोपं असतं हो. खरा जीव खातो तो टायर. गाडी वळते, थांबते, घसरते ती सगळी टायर रस्त्याला जिथे टेकतो तेवढ्याच जागेत. याचं गणित जगभर वापरलं जातं ते हान्स पाचेय्का या डच प्राध्यापकाच्या नावाने. डेल्फ्ट विद्यापीठ आणि व्होल्वोच्या लोकांनी 1987 मध्ये ते मांडलं आणि पुढे त्याला 'मॅजिक फॉर्म्युला' हेच नाव पडलं. टायर किती घसरतोय ते सांगा, पकड किती मिळेल ते सूत्र सांगतं. पण त्यात घालायचे आकडे प्रत्येक टायरचे वेगळे असतात आणि ते यंत्रावर टायर फिरवून मोजावे लागतात. कारच्या टायरचे थोडेफार आकडे मिळतात. ट्रकच्या टायरचे कोण देणार? त्यातून तो टायर रिमोल्ड मारलेला, म्हणजे झिजल्यावर नवं रबर चढवलेला असेल तर बोलायलाच नको. मग आम्ही उलटं निघालो. भरलेली गाडी अमुक वेगाला किती अंतरात थांबते, वळणावर केव्हा बाहेर जायला लागते, हे धरून आकडे मागे मागे शोधत गेलो.

त्यात एक गोम निघाली. घसरण मोजताना चाकाच्या आणि गाडीच्या वेगातल्या फरकाला गाडीच्या वेगाने भागायचं असतं. गाडी उभी असेल तर भागायचं शून्याने! त्यामुळे चढावर उभा केलेला ट्रक थरथरायचा आणि हळूहळू मागे सरकायचा, हॅन्डब्रेक ओढलेला असूनही. शर्यतीच्या गेममध्ये हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण तिथे गाडी थांबतेच कुठे? आमच्या गेमचा जीवच तिथे. भर चढावर ट्रॅफिक अडलंय, मागे एसटी चिकटून उभी आहे आणि हाफ क्लचवर गाडी उचलायची आहे. ज्याने हे कधी केलंय त्याला विचारा.

शेवटी कमी वेगासाठी वेगळं गणित घेतलं. रबराला ब्रशसारखे बारीक केस आहेत असं धरायचं. ते आधी वाकतात, धरून ठेवतात आणि सहन होईनासं झालं की सुटतात. माणसाच्या चालीपेक्षा कमी वेग असला की हे गणित, त्याहून वेग वाढला की मॅजिक फॉर्म्युला. दोन्ही वेगवेगळी झकास चालत होती. त्यांचा सांधा बसवण्यात मात्र वर्षाच्या वर गेलं. बाहेरून पाहणाऱ्याला त्या वर्षात काहीच झालेलं दिसलं नाही. ट्रक चढावर उभा राहतो, एवढीच प्रगती.

गणित सेकंदाला किती वेळा करायचं हाही घोळ होताच. पडद्यावर चित्र सेकंदाला 60 वेळा बदलतं. त्याच गतीने गणित केलं तर ताशी 80 किलोमीटरने जाणारी गाडी दोन गणितांच्या मध्ये 37 सेंटिमीटर पुढे गेलेली असते. तेवढ्यात आपल्याकडचा अख्खा खड्डा मावतो आणि चाकाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून आम्ही सेकंदाला 1,000 वेळा करतो. गाड्यांचा गेम करणारी जर्मनीतली बीमएनजी मंडळी तर 2,000 वेळा करतात, पण त्यांच्याकडे गाडीचा पत्राही वाकतो. तो नाद आम्ही केला नाही.

मग आले मामा. सातारा भागातले, उभी हयात ट्रकवर गेलेली, आता घरी असतात. त्यांना आणून कॉम्प्युटरला जोडलेल्या लॉजिटेकच्या स्टिअरिंगवर बसवलं. शंभरेक मीटर गाडी चालवली आणि म्हणाले, "साहेब, ह्यात लोड कुठंय? गाडी मोकळी पळतीय."

वजन तर गणितात पुरेपूर होतं. पण मामांना लोड आकड्यात नको होता, पाट्यांत हवा होता. स्प्रिंगच्या पाट्या एकमेकींवर घासतात, त्या घर्षणाने रिकामी गाडी खडखडत उड्या मारते आणि भरलेली बसते, जडपणे डुलते. हे घर्षण घातलं. मग ब्रेक. एअर ब्रेकला पाय मारला की हवा मागच्या चाकांपर्यंत पोचायला क्षणभर जातो. तो क्षणही घातला. पुन्हा बसले तेव्हा मामा काही बोलले नाहीत, गिअर उतरवून गुपचूप वळण घेतलं. आमच्या ऑफिसात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक नाही.

ब्रेकवर मी जरा जास्तच बोलतो, त्याला कारण आहे. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आमच्या ऑफिसच्या शेजारीच आहे आणि तिथे किती अपघात होतात ते पुण्यात कोणाला सांगायला नको. साधा हिशेब करा. 25 टनांची गाडी 5 टक्के उतारावरून ताशी 40 च्या वेगाने उतरते. वेग वाढू द्यायचा नसेल तर सुमारे 136 किलोवॅट शक्ती कुठेतरी जिरवावी लागते. म्हणजे घरातले दोन किलोवॅटचे 68 गीझर एकदम चालू. गाडी गिअरमध्ये असेल तर यातला बराच भार इंजिन आणि धुराची वाट अडवून इंजिन जड करणारा एक्झॉस्ट ब्रेक उचलतात. डिझेल वाचवायला न्यूट्रल केली की सगळी उष्णता चाकाच्या ब्रेक ड्रममध्ये. ड्रम तापून फुगतो, त्याला आतून घासणाऱ्या लायनरपासून लांब जातो, लायनरची पकडही उतरते. ड्रायव्हर पुन्हा पुन्हा पाय मारतो आणि दर वेळी हवा खर्च होते. इंजिन तर आयडलवर, म्हणजे कॉम्प्रेसरही हळू फिरतोय, टाकी भरणार कशी? काटा खाली येत राहतो.

हे सगळं आमच्या गेममध्ये आहे. "न्यूट्रल केलंत, हरलात" अशी पाटी आम्ही लावलेली नाही. कोणी न्यूट्रल करून उतरू बघावं, गणित आपलं काम करतं. मामांचा नियम जुनाच आहे, ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. गेम खेळणाऱ्या पोरांना तो न सांगता दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला कळतो, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिलंय.

पैशाचं थोडक्यात. गेमने अजून रुपया दिलेला नाही. पगार निघतात ते बिल्डरांच्या फ्लॅटचे थ्रीडी वॉकथ्रू आणि चाकणच्या कारखान्यांसाठी फोर्कलिफ्टचे सिम्युलेटर यांतून. फोर्कलिफ्टमध्ये आमचंच टायरचं गणित चालतं, त्यामुळे ती कामं मनापासून होतात. वॉकथ्रूची होतात. उधारी 90 दिवसांची म्हणतात, येते तेव्हा येते.

अर्धवट माल स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात अर्ली अॅक्सेसमध्ये, म्हणजे पुरा व्हायच्या आधीच विकायला टाका, पैसे येतील, असा सल्ला बरेच जण देतात. वाट वाईट नाही. बीमएनजी 2015 पासून तिथे आहे आणि कित्येक वर्षं तशीच मजेत चालली. 'लाइव्ह फॉर स्पीड' हा शर्यतीचा गेम तर मूळ तिघांचं काम. जाहीर केलेली फोक्सवॅगनची गाडी टायरच्या गणितापायी त्यांच्याकडे कैक वर्षं अडकली, तरी त्यांचे खेळणारे टिकून राहिले. पण त्या गाड्या पहिल्या दिवसापासून चालवायला मजा येत होती. आमचा ट्रक आत्ता कुठे तिथवर आलाय. शिवाय आपल्याकडे बहुतेक पोरं कीबोर्डवर खेळतात. बटण एक तर दाबलेलं असतं नाही तर सोडलेलं, आणि ब्रेकला हळुवार पाय तर हवाच. त्यावर तोडगा निघालाय, पण माझं अजून समाधान नाही.

तारीख जाहीर करायची नाही असं आमचं ठरलेलं आहे. आधी एकाच उताराचा डेमो काढू, फुकट. सध्या पावसाचं काम धरलंय. पहिल्या सरीला रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिसळून जो चिकट राडा होतो, तो मुसळधार पावसापेक्षा जास्त घसरतो, असं मामांचं म्हणणं आहे आणि त्याचे आकडेही कोणाकडे तयार मिळत नाहीत.