तुम्ही विचारलंत म्हणून: मंदक्रोध

आमच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी कुणीतरी नवं माणूस विचारतंच, "बाई, रोज तेच पुस्तक वाचता, कंटाळा नाही येत? आणि देव कसा आहे ते कळलं का एकदाचं?" ज्यांच्या घरी पारायणं चालतात, ते पहिला प्रश्न विचारत नाहीत. दुसरा तेही विचारतात.

कंटाळा येतो. बायबलचे अध्याय १,१८९. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात संपतात, हा हिशेब रविवारच्या शाळेत शिकलेला. जानेवारी सरता सरता लेवीय हे नियमांचं पुस्तक लागतं आणि कुठल्या अर्पणातली चरबी कशी जाळायची ते वाचताना चहा निवून जातो, डोळे मिटतात. तरी वाचते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला एका शब्दात सापडलं: मंदक्रोध, म्हणजे ज्याला राग सावकाश येतो तो. मराठी बायबलबाहेर हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या ३४व्या अध्यायात, म्हणजे माझ्या वाचनात २६ जानेवारीच्या आसपास, देव इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याला स्वतःची ओळख करून देतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध. आणि वेळ कोणती? लोकांनी सोन्याचं वासरू करून त्याच्यापुढे नाच केलाय, मोशेने देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या आपटून फोडल्यात, आणि नव्या पाट्या घेऊन तो पुन्हा डोंगर चढलाय. कुणाचंही डोकं फिरलेलं असावं अशी वेळ.

हिब्रूत नाकाला आणि रागाला एकच शब्द. मंदक्रोधच्या जागी मुळात शब्दशः 'लांब नाकाचा' असं आहे, हे पाळकसाहेबांनी सांगितलं तेव्हा मी भर उपासनेत हसले. आपल्याकडे राग नाकाच्या शेंड्यावर असतो, माझा तर असतोच. देवाच्या रागाला शेंडा गाठायला वेळ लागतो म्हणायचं!

पण राग नाहीच असंही नाही. नहूम या संदेष्ट्याच्या पुस्तकात पहिल्याच अध्यायात हाच शब्द येतो आणि त्याला लागूनच अश्शूरी लोकांच्या निनवे शहराची गय होणार नाही हेही येतं. ते शहर इ. स. पू. ६१२ मध्ये पडलं. अवशेष इराकात मोसुलपाशी आहेत. आणि यहोशवाच्या पुस्तकातली यरीहो शहराची कत्तल वाचताना हा शब्द मला पुरत नाही, हेही सांगून टाकते. दर मार्चच्या तोंडावर तिथे अडते.

सप्टेंबरअखेर योना येतो. देव या संदेष्ट्याला निनवेला जायला सांगतो, तो उलट दिशेला पळतो आणि त्याला मोठा मासा गिळतो. मासा सगळ्यांना माहीत असतो, पुढचं फारसं कुणी वाचत नाही. पडण्याआधीची तीच निनवे पश्चात्ताप करते, देव तिला सोडतो आणि योना भडकतो. तू मंदक्रोध आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणून तर पळालो, असं देवाला तोंडावर सुनावतो. स्तोत्रांत ज्या शब्दाने स्तुती, त्याच शब्दाने इथे तक्रार.

वडिलांच्या घरावरून धाकट्या भावाशी मी चार वर्षं बोलत नव्हते. प्रार्थनेत त्याचं नाव रोज घ्यायचे, पण देवाने त्याला चांगली अद्दल घडवावी म्हणून. असाच एक सप्टेंबर, मी योनाच्या गोष्टीतल्या वेलापाशी आले. सावली देणारा वेल कीड लागून सुकतो आणि योना मरण मागतो. एका वेलासाठी! काय माणूस आहे, असं म्हणाले आणि गप्प झाले. आमचं भांडण पेटलं होतं ते अंगणातला कडुनिंब त्याने मला न विचारता तोडला तिथून.

पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं: उजवं-डावं न कळणारी १,२०,००० हून अधिक माणसं निनवेत आहेत, शिवाय पुष्कळ गुरंढोरं, मग मला त्यांची कीव येऊ नये? योना काय म्हणाला ते लिहिलेलं नाही.

त्या रविवारी उपासनेनंतर भावाला फोन लावला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग तो म्हणाला, "ताई, आईचे गुडघे कसे आहेत?" पाच मिनिटं गुडघ्यांवर बोललो. घराचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. अजून काढलेला नाही.