रायटर्स क्रँप आणि ‘नॉर्मल’ एमआरआय

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये मुलं रोज पानंच्या पानं लिहितात. त्यांच्यातल्या एखाद्याने पेन धरलं की बोटं आवळतात, मनगट वळतं. तोच हात चहाचा कप मात्र बिनबोभाट उचलतो. एमआरआय नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात, “टेन्शन घेतोस तू.” असं म्हणणं अन्यायाचं आहे. हा रायटर्स क्रँप, म्हणजे लिहिताना होणारा फोकल डिस्टोनिया (शरीराच्या एकाच भागाचे स्नायू आपोआप आवळण्याचा आजार) असू शकतो. तबला-हार्मोनियम वाजवणाऱ्यांनाही असा डिस्टोनिया होतो.

नेहमीचा एमआरआय गाठ, रक्तस्राव, जुनी इजा शोधतो. डिस्टोनियात बहुतेक वेळा असलं काहीच नसतं. बिघडलेला असतो तो मेंदूच्या आतले पुटॅमेन आणि थॅलॅमस हे भाग, लहान मेंदू आणि हालचालींचं कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) यांच्यातला ताळमेळ. १९९८ साली हात आखडलेल्या वादकांच्या मेंदूत बोटांच्या जागा एकमेकींवर सरकलेल्या दिसल्या. पण तो फरक आजाराचं कारण की परिणाम, हे एकट्या स्कॅनवरून ठरत नाही. वर्षानुवर्षं वाकडा हात वापरल्यानेही मेंदू बदलतो.

फंक्शनल एमआरआय म्हणजे काम करताना मेंदूचा कुठला भाग चालू होतो ते दाखवणारा स्कॅन. त्यात पडून लिहायचं असतं, म्हणून लोखंडी स्प्रिंगचं पेन चालत नाही, प्लॅस्टिकचं लागतं. खरी अडचण डोक्याची: हात आवळला की मान हलते, आणि एकदोन मिलिमीटर हललं तरी खोटे ठिपके उमटतात. आवळलेले स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम इंजेक्शनचा असर साधारण ३ महिने टिकतो. तो ओसरल्यावर स्कॅन केला नाही, तर दिसतो तो आजार की औषध, कळत नाही. रोजच्या गोळ्या मात्र स्कॅनसाठी मनाने बंद करू नयेत.

कारण-परिणामाचा गुंता सोडवायला जनुकं कामी येतात. टीओआर१ए जनुकातला ‘जीएजी’ या डीएनएच्या तीन अक्षरांचा लोप १९९७ साली सापडला. तो बहुधा लहानपणी सुरू होऊन अंगभर पसरणाऱ्या डिस्टोनियाशी जोडलेला, तरी तो असलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोकांनाच आजार होतो. बाकीचे धडधाकट. त्यांच्या मेंदूतही लहान मेंदूकडून थॅलॅमसकडे जाणारे तंतू वेगळे दिसले, म्हणजे हा फरक आखडण्याच्या आधीचा. म्हणूनच रुग्णाचे निरोगी भाऊ-बहीण संशोधनासाठी फार मोलाचे. त्यांनी सहभागाला नाही म्हणू नये असं मनापासून वाटतं.

२०१३ साली पुढे आलेलं जीएनएएल जनुक मोठेपणी सुरू होणाऱ्या, बहुतेकदा मानेच्या डिस्टोनियाशी जोडलेलं आहे. ते डोपामिनचा संदेश पेशीत पोचवणारं प्रथिन बनवतं, तेही मुख्यतः स्ट्रायटममध्ये, म्हणजे पुटॅमेन ज्याचा भाग आहे तिथे, जिथे स्कॅन बोट दाखवतो. रायटर्स क्रँपच्या बहुसंख्य रुग्णांत मात्र जनुक चाचणी निगेटिव्हच येते. त्याने निदान खोटं ठरत नाही. निदान न्यूरॉलॉजिस्ट हात बघूनच करतात.

त्यामुळे तपासणीला जाताना लिहितानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ न्या, आणि तीन पिढ्यांत कुणाची मान वळायची, हात थरथरायचा, आवाज अडकायचा किंवा डोळे आपोआप मिटायचे, हे आजीला विचारून लिहून न्या.