पातळ केलं आणि रंग चढला

मोठं मशीन बंद पडलं की आमच्या लॅबमध्ये कपाटातली एलायझाची, म्हणजे हाताने लावून रंगावरून वाचायच्या रक्तचाचण्यांची, किट्स बाहेर निघतात आणि माझी मान धरते. त्या आठवड्यात तेच झालं. व्होल्टेज खालीवर होऊन बोर्ड उडाला, पार्ट मुंबईहून यायचा होता. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, भिडे पूल पाण्याखाली, मी रोज म्हात्रे पुलावरून वळसा घालून कर्वे रस्ता गाठायचे. डेंग्यू ऐन भरात. डेंग्यूची एनएस१ चाचणी, प्लेटलेट, एनएस१, प्लेटलेट, दिवसभर हाच जप.

सकाळच्या रनला फेरिटिनची १७ सॅम्पल्स होती. बहुतेक हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायकांची. एक मात्र वॉर्डातून आलेलं: १९ वर्षांचा मुलगा, नऊ दिवस ताप, एनएस१ पॉझिटिव्ह येऊन गेलेला. फेरिटिन म्हणजे लोह साठवून ठेवणारं प्रथिन. त्याच्या एका रेणूच्या पोटात लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. रक्तातलं फेरिटिन उतरलं की शरीरातलं लोह संपत आलं असं समजायचं. पण ताप, सूज, लिव्हरला बसलेला मार यांतही ते वाढतं, आणि कधी कधी वेड्यासारखं वाढतं.

प्लेट लावली. प्रत्येक वेलमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या खळग्यात, २० मायक्रोलिटर सिरम, त्यावर १०० मायक्रोलिटर काँज्युगेट (एन्झाइम लावलेली अँटिबॉडी), पाऊण तास झाकून ठेवायची, पाच वेळा धुवायची, पालथी करून टिश्यूवर आपटायची, मग रंग आणणारं टीएमबी घालून अंधारात. निळा रंग चढतो. ॲसिड पडलं की क्षणात पिवळा. ४५० नॅनोमीटरला वाचन. दोन्ही कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेली सॅम्पल्स, पास; ठरावीक प्रमाणाच्या स्टँडर्डवरून येणारी कर्व्ह फ्रेम करून लावावी इतकी देखणी. मुलाचा आकडा आला ४१२. थोडा जास्त, पण तापात एवढं चालायचंच. मी रिपोर्ट सोडला.

दुपारी काउंटरवर त्याचे वडील आले. रेनकोट अंगावरच, पाणी फरशीवर ठिबकतंय. गावाहून रात्रीच्या एसटीने आलेले, मुलगा इथे हॉस्टेलला. रिपोर्ट हातात घेऊन म्हणाले, "ताई, यातलं मला काय कळत नाही. घाबरण्यासारखं आहे का?"

आम्हाला सक्त ताकीद आहे, रिपोर्टचा अर्थ आपण सांगायचा नाही. पण त्यांच्या तोंडाकडे बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "थोडंच जास्त आहे हो काका. डॉक्टर सांगतील."

साडेतीनला वॉर्डातून फोन. रेसिडेंट डॉक्टर. "मॅडम, फेरिटिन परत लावाल का? मॅच होत नाहीये." मला राग आला, खरं सांगते. त्यांना हवा तो आकडा आला नाही की लॅब चुकली, हे आम्ही रोज ऐकतो. म्हटलं, "सर, कंट्रोल पास आहेत." ते म्हणाले, "असतील हो. पण प्लीहा हाताला लागतेय, तिन्ही पेशी उतरल्यात, ट्रायग्लिसराइड वाढलंय, फायब्रिनोजेन कमी. आम्हाला एचएलएचचा संशय आहे. आणि तुमचं फेरिटिन ४१२."

एचएलएच म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणा इतकी चवताळते की आपल्याच रक्तपेशी गिळायला लागते. डेंग्यूनंतरही होतं. त्याचे आठ निकष आहेत, त्यांतले पाच भरावे लागतात. फेरिटिनचा निकष ५०० पासून पुढे, आणि प्रत्यक्षात अशा रुग्णात आकडा हजारांत असतो. माझा ४१२ बरोबर उंबऱ्याच्या बाहेर उभा होता.

फोन ठेवला आणि दुसरीच गोष्ट टोचली. त्याच मुलाचं एसजीओटी, लिव्हरची चाचणी, सकाळी मीच टाइप केलं होतं, १,९००. लिव्हरच्या पेशी एवढ्या फुटतायत तर त्यांच्यातलं फेरिटिन गेलं कुठे? हे मला सकाळी सुचायला हवं होतं. सुचलं नाही. दोन रिपोर्ट, दोन वेगळे कागद.

आमच्याकडे एक काका आहेत, निवृत्त होऊनही दुपारपुरते येणारे. त्यांची उमेदीची वर्षं आरआयएवर गेली, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीन १२५ लावलेल्या, मुंबईहून येणाऱ्या किट्सवर. दोन महिन्यांत निम्मी ताकद उतरायची, म्हणून किट आलं की सणासारखी धावपळ. १९७१ साली स्टॉकहोममध्ये एंगवाल आणि पेर्लमान यांनी किरणोत्सर्गाच्या जागी एन्झाइम बसवून एलायझा काढली, तिला काका अजून "नवी पद्धत" म्हणतात. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मासुद्धा वर केला नाही. "अगं, पातळ करून बघितलंस का?"

"काका, आकडा कमी आहे. कमी असताना कशाला पातळ करू?"

"म्हणूनच कर."

बल्बमध्ये, म्हणजे सॅम्पलच्या नळीत, सिरम उरलं होतं. ५० मायक्रोलिटर सिरम, ४५० डायल्युएंट: दहापट. त्यातलं ५० पुढच्या नळीत: शंभरपट. पुन्हा: हजारपट. चार वेल, शेजारी शेजारी. पहिल्यात सिरम तसंच. स्टँडर्ड पुन्हा लावले, कंट्रोलही. तो पाऊण तास मी टेबलापासून हलले नाही.

टीएमबी घातलं आणि झाकण लावायचं विसरून बघत बसले. पहिला वेल मध्यम निळा. दुसरा, म्हणजे दहापट पातळ केलेला, शाईच्या दौतीसारखा. तिसरा पहिल्यापेक्षा उघड गडद. चौथ्यात तेवढा रंग फिका झाला. ताकात पाणी घालावं आणि ताक दाट व्हावं, तसं काहीतरी. अकरा वर्षं प्लेटा लावतेय, स्वतःच्या डोळ्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं.

वाचन आलं. पहिला पुन्हा ४०० च्या आसपास. दुसरा कर्व्हच्या वर, १,००० पलीकडे. तिसरा ६४०, गुणिले १०० म्हणजे ६४,०००. चौथा ६६, गुणिले १,००० म्हणजे ६६,०००. शेवटचे दोन एकमेकांशी जुळत होते. खरा आकडा तो.

झालं होतं ते असं. वेलच्या तळाला एक अँटिबॉडी चिकटवलेली असते, काँज्युगेटमध्ये दुसरी, एन्झाइम लावलेली. मध्ये फेरिटिन सापडलं की दोघी त्याला दोन बाजूंनी धरतात आणि रंग येतो. पण आमच्या किटमध्ये सिरम आणि काँज्युगेट एकदमच पडतं. फेरिटिन अफाट असेल तर तळाची एक रेणू धरून बसते, एन्झाइमवाली दुसराच धरून बसते. फुगडीला दोघी उभ्या आणि दोघींच्याही हातांत भाजीच्या पिशव्या. धुताना एन्झाइमवाली वाहून जाते, रंग उतरतो, आकडा खोटा लहान येतो. याला हूक इफेक्ट म्हणतात, कारण आलेख वर जाऊन गळासारखा खाली वळतो. डीएमएलटीला, लॅब टेक्निशियनच्या डिप्लोम्याला, चार मार्कांना पाठ केलं होतं. किटच्या माहितीपत्रकातही एक ओळ होती, मुंगीएवढ्या अक्षरात. आणि कंट्रोल पास होणारच होते, त्यांच्यात ६५,००० कुठून असणार?

रिपोर्टवर सही करणाऱ्या आमच्या मॅडमनी प्लेट स्वतः बघितली, वॉर्डात स्वतः फोन केला. "आमचा सकाळचा रिपोर्ट चुकीचा आहे, रद्द समजा," एवढं एकच वाक्य आधी, मग आकडा. पलीकडून क्षणभर शांतता, मग "थँक्यू मॅडम, स्टेरॉइड सुरू करतोय." मला त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सुधारित रिपोर्ट न्यायला वडीलच आले. त्यांनी दोन्ही कागद शेजारी धरले. आकडे वाचता येतात सगळ्यांना. "ताई, मघाशी तर थोडं म्हणाला होता."

"माझं चुकलं काका. सकाळचा आकडा चुकीचा होता." पुढे काय बोलावं ते सुचेना. त्यांनी कागदाच्या घड्या घातल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्या आणि पावसात निघून गेले.

तिसऱ्या दिवशी त्याच नावाचं सॅम्पल आलं, ३१,०००. सहाव्या दिवशी ७,४००. मग यायचं थांबलं. सॅम्पल यायचं थांबतं त्याचे दोन अर्थ असतात, आणि वॉर्डात फोन करून विचारायचा मला धीर झाला नाही. रोज फॉर्म चाळताना नाव मात्र शोधायचे.

तीन आठवड्यांनी ते सापडलं. वॉर्ड नंबरच्या जागी लिहिलं होतं ओपीडी. म्हणजे स्वतःच्या पायांनी आला होता. तोवर मशीन दुरुस्त झालं होतं, आकडा आला २९०. तरी मी दहापट पातळ करून पुन्हा लावलं. २९, गुणिले १०.

मागे मॅडम उभ्या होत्या. "रिएजंट काय झाडाला लागतं का गं?" म्हणाल्या, आणि रिपोर्टवर सही केली.